आकाशातील संभाषण

पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्ली नावाची एक गल्ली आहे. विजेचे दिवे, तारा, बटणे, ध्वनिवर्धक आणि रेडिओचे सुटे भाग यांच्या दुकानांनी ती गजबजलेली असते. प्रयोगासाठी लागणारा एखादा लहानसा भाग शोधीत विद्यार्थी येथे येतात. तारेचे वेटोळे, कंडेन्सर, ट्रान्झिस्टर असे काही भाग योग्य रीतीने जोडले, की निर्जीव दिसणाऱ्या त्या वस्तू बोलू लागतात. दूर कोठेतरी बसलेल्या माणसाचा आवाज त्यांतून घरात येतो.

हा चमत्कार बिनतारी लहरींचा होय. पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. घरातील रेडिओवर ते ७९२ या आकड्यावर लागे. म्हणजे त्याच्या लहरी सेकंदास ७ लक्ष ९२ हजार वेळा कंप पावत. अशाच, परंतु याहून कितीतरी जलद कंप पावणाऱ्या लहरींवर विमानांचे वैमानिक जमिनीवरील माणसांशी बोलतात. त्या लहरी सेकंदास सुमारे ११ कोटी ८० लक्ष ते १३ कोटी ७० लक्ष वेळा कंप पावतात. लोहगावच्या विमानतळाकडे उतरणारे विमान पुण्याच्या आकाशात दिसते, तेव्हा खाली केवळ यंत्राची घरघर ऐकू येते. त्याच वेळी विमान आणि जमीन यांच्यामध्ये एक संभाषण चालू असते. शेकडो प्रवाशांचे प्राण त्या संभाषणावर अवलंबून असतात; आणि ते बहुधा प्रवाशांच्या कानांवर पडत नाही.

विमानविद्येच्या आरंभी असे संभाषण नव्हते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे टपालाचे विमान आणले. त्या छोट्या विमानात बिनतारी यंत्र नव्हते आणि जमिनीवरूनही कोणी मार्ग दाखवीत नव्हते. वैमानिकाचे डोळे, नकाशा आणि होकायंत्र एवढाच आधार होता. त्या काळी आकाश मोकळे होते. पुढे विमानांची संख्या वाढली, त्यांचा वेग वाढला, ती रात्री आणि ढगांतूनही उडू लागली. समोरून येणारे विमान डोळ्यांना दिसेपर्यंत थांबणे धोक्याचे झाले. तेव्हा आकाशातील वाहतुकीवर देखरेख ठेवणारी माणसे जमिनीवर नेमावी लागली. त्यांना हवाई वाहतूक नियंत्रक असे म्हणतात.

एकच नियंत्रक विमानाची सोबत अखेरपर्यंत करीत नाही. पुण्याहून दिल्लीस निघालेले विमान प्रथम लोहगावच्या मनोऱ्यातील नियंत्रकाशी बोलते. लोहगावचा तळ भारतीय हवाई दलाचा असल्यामुळे तेथील नियंत्रणही हवाई दलाकडे असते. विमान उंच चढले, की ते दुसऱ्या केंद्राच्या स्वाधीन होते आणि अखेरीस दिल्लीचा नियंत्रक त्यास उतरवून घेतो. पूर्वी जासूद-हरकारे टप्प्याटप्प्याने पत्र पुढे नेत, त्यातलाच हा प्रकार. एक हात सोडण्यापूर्वी दुसऱ्या हाताने धरलेले असले पाहिजे, हा दोन्हींचा नियम.

या लहरी सरळ रेषेत जातात. वाटेत डोंगर आला, की त्या अडतात. पेठेतील गच्चीवरून जेवढा मुलूख दिसतो, त्याहून किती तरी अधिक सिंहगडावरून दिसतो. त्याचप्रमाणे विमान जितके उंच, तितका त्याचा आवाज दूर जातो. पस्तीस हजार फुटांवरील विमानाचे बोलणे सुमारे ४०० किलोमीटरपर्यंत ऐकू येऊ शकते.

आता हे संभाषण कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. यंत्रात खरखर असते, बोलणारे निरनिराळ्या देशांचे असतात, आणि वेळ थोडा असतो. म्हणून आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीत बहुधा इंग्रजी भाषा वापरली जाते आणि तिचे शब्दही ठरवून दिलेले असतात. बाराखडी शिकताना मुले ‘क कमळाचा’, ‘ग गणपतीचा’ असे म्हणतात. वैमानिकांनीही तीच युक्ती योजिली आहे. इंग्रजीतील बी, डी, पी, टी ही अक्षरे खरखरीत सारखीच भासतात. म्हणून १९५६ पासून प्रत्येक अक्षराला एक शब्द ठरवून दिलेला आहे. भारतातील प्रत्येक नागरी विमानाची नोंदणी व्ही आणि टी या अक्षरांनी सुरू होते. ती ‘व्हिक्टर’, ‘टँगो’ अशी उच्चारतात. या यादीत आय या अक्षराचा शब्द ‘इंडिया’ हा आहे. त्यामुळे भारताशी ज्याचा काहीच संबंध नाही, असा वैमानिकही आपल्या देशाचे नाव उच्चारीत असतो.

अंकांचीही तीच गोष्ट. मराठीत ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांचा घोटाळा दूरध्वनीवर सहज होतो. इंग्रजीत ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांचा होतो. यास्तव वैमानिक अंक सुटे सुटे सांगतात. चौदा हजार फूट म्हणावयाचे असल्यास ‘एक चार हजार’ असे म्हणतात. नवाचा उच्चार ‘नाइन’ असा न करता ‘नाइनर’ असा करतात, कारण तो ‘फाइव्ह’सारखा ऐकू येण्याचा संभव असतो.

या सर्वांहून महत्त्वाचा नियम एक आहे. नियंत्रकाने महत्त्वाची सूचना दिली, की वैमानिकाने ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवावयाची असते. समजा, लोहगावच्या मनोऱ्यातून सांगितले, “विमान दोन एक चार, धावपट्टी एक शून्य, उतरण्यास परवानगी.” वैमानिक म्हणतो, “धावपट्टी एक शून्य, उतरण्यास परवानगी, विमान दोन एक चार.” येथे ‘एक शून्य’ म्हणजे होकायंत्राचे १०० अंश, अर्थात पूर्वेच्या किंचित दक्षिणेकडे तोंड असलेली धावपट्टी. हीच धावपट्टी उलट दिशेने वापरली, की तिचे नाव ‘दोन आठ’ होते. दोन विमाने एकाच धावपट्टीवर उलट दिशांनी आली तर काय होईल, हे सांगावयास नको. म्हणून वैमानिक परत म्हणतो आणि नियंत्रक ते लक्षपूर्वक ऐकतो. चूक आढळली, तर तो तत्काळ दुरुस्त करतो. सांगणाऱ्याचे काम सांगून संपत नाही. आपले सांगणे समोरच्याच्या मनात बरोबर उतरले की नाही, हे पाहणे हाही त्या कामाचाच भाग आहे.

हे संभाषण प्रवाशांनाही ऐकता यावे, अशी सोय अमेरिकेतील युनायटेड एअरलाइन्स या कंपनीने आपल्या अनेक विमानांत केली होती. आसनाजवळील खोबणीत इअरफोनची तार बसवून नऊ क्रमांकाची वाहिनी लावली, की वैमानिक आणि नियंत्रक यांचे बिनतारी बोलणे ऐकू येई. ही वाहिनी चालू ठेवावी की बंद, हे मुख्य वैमानिक ठरवी. वैमानिकांच्या आपापसांतील गप्पा तिच्यावर नसत. केवळ जमिनीशी चाललेले संभाषण असे. विमान घिरट्या का घालीत आहे, उड्डाणास उशीर का होत आहे, मार्ग एकाएकी का बदलला, याची उत्तरे जाणत्या प्रवाशास त्यातून मिळत. आपल्या पुढे-मागे अनेक विमाने आहेत आणि त्या सर्वांकडे कोणीतरी शांतपणे लक्ष ठेवीत आहे, हे तो आपल्या कानांनी ऐके. पुढे विमानांची रचना बदलली, जुनी विमाने निवृत्त झाली आणि ही सोय कमी कमी होत गेली.

सर्वच देशांनी अशी मोकळीक दिलेली नाही. अमेरिकेत सामान्य माणूसही घरातील यंत्रावर विमानांचे बोलणे ऐकू शकतो. ब्रिटनमध्ये त्यास मनाई आहे. भारतात बिनतारी यंत्रे बाळगण्यासंबंधी १९३३ सालीच कायदा झाला आणि विमानांचे संभाषण परवान्यावाचून ऐकण्याची मुभा येथे नाही. लोहगावसारख्या तळावर प्रवासी विमानांबरोबर लढाऊ विमानेही उडतात, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा नियमांमागील सावधगिरी समजते.

या लहरींची एक मर्यादाही आहे. एका लहरीवर एका वेळी एकानेच बोलावयाचे असते. दोघे एकदम बोलले, तर दोघांचेही शब्द नष्ट होऊन केवळ कर्कश शीळ ऐकू येते. या शिळेने एकदा फार मोठा घात झाला.

स्पेनच्या ताब्यातील कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ बेटावर २७ मार्च १९७७ रोजी एका विमानतळावर अनेक विमाने खोळंबली होती. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बाँबस्फोट झाल्यामुळे ती तेथे वळविण्यात आली होती. दाट धुके पसरले होते. के.एल.एम. या डच कंपनीचे प्रचंड विमान धावपट्टीच्या टोकाशी उभे होते आणि पॅन अ‍ॅम या अमेरिकन कंपनीचे तसेच दुसरे विमान त्याच धावपट्टीवरून हळूहळू पुढे येत होते. मनोऱ्यातून दोन्ही विमाने दिसत नव्हती. नियंत्रकाने डच वैमानिकांना उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जावे, एवढेच सांगितले होते. त्यांनी ते परत म्हटले आणि शेवटी आपण उड्डाणाच्या बेतात आहोत, अशा अर्थाचे संदिग्ध शब्द जोडले. नियंत्रक प्रथम ‘ओके’ म्हणाला आणि मग ‘थांबा, मी सांगतो’ असे म्हणाला. नेमक्या त्याच क्षणी अमेरिकन वैमानिकांनी ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असे कळविले. दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले. डच विमानात ‘ओके’नंतर सुमारे तीन सेकंद मुख्यतः शीळच ऐकू आली. विमान धावू लागले होते. पुढचे विमान धावपट्टीवरून बाहेर गेले आहे ना, अशी शंका डच विमानातील अभियंत्याने बोलून दाखविली. परंतु मुख्य वैमानिकास खात्री वाटत होती. दोन्ही विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली.

या अपघातानंतर संभाषणाचे नियम अधिक काटेकोर झाले. ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारावयाचा. इतर सर्व वेळी ‘डिपार्चर’, म्हणजे प्रस्थान, असे म्हणावयाचे. नुसत्या ‘ओके’ने संमती दर्शविण्याची पद्धतही सोडून देण्यात आली. शंका आली, तर कनिष्ठाने ती स्पष्टपणे बोलावी आणि वरिष्ठाने ती ऐकावी, हेही वैमानिकांना शिकविले जाऊ लागले.

भारतातही असा एक दुःखद प्रसंग घडला. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी गावाजवळ, आकाशातच दोन विमाने एकमेकांवर आदळली. दिल्लीहून निघालेल्या सौदी अरेबियाच्या विमानास चौदा हजार फुटांवर राहण्यास सांगितले होते. दिल्लीस येणाऱ्या कझाकस्तानच्या विमानास पंधरा हजार फुटांपर्यंतच उतरण्यास सांगितले होते. दोहोंमध्ये हजार फुटांचे अंतर राहावयास हवे होते. समोरून विमान येत असल्याची सूचनाही नियंत्रकाने दिली होती. तथापि कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आले. त्या विमानात नियंत्रकाशी बोलणारा माणूस वेगळा आणि विमान चालविणारे वेगळे होते. दोन्ही विमानांतील ३४९ जणांपैकी एकही वाचला नाही. न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांनी या अपघाताची चौकशी केली. त्यानंतर जवळ येणाऱ्या विमानाची सूचना देणारे यंत्र भारतात सक्तीचे करण्यात आले. २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणे करणाऱ्या वैमानिकांना इंग्रजी बोलण्याची व समजण्याची परीक्षाही द्यावी लागते.

दोन्ही ठिकाणी यंत्रे सुस्थितीत होती आणि शब्द उच्चारले गेले होते. एका ठिकाणी ते पोहोचलेच नाहीत; दुसऱ्या ठिकाणी ते पोहोचले, परंतु त्यांप्रमाणे कृती झाली नाही. आकाशातील नियमांचा कठोरपणा अशा अनुभवांतून आला आहे. प्रत्येक नियमामागे कोणाच्या तरी प्राणांचे मोल आहे.

अलीकडे समुद्रावरून जाणाऱ्या विमानांना काही सूचना लेखी स्वरूपात, पडद्यावर अक्षरे उमटवून देता येतात. त्यात खरखर नसते, शीळ नसते, उच्चारांचा घोटाळा नसतो. तरीही एवढ्याने काम संपत नाही. सूचना वाचल्यावर ती पाळणार असल्याचे उत्तर वैमानिकास पाठवावे लागते, आणि ते येईपर्यंत जमिनीवरील नियंत्रक त्याची वाट पाहत असतो.