घोर रक्तातच असतो का?



"तिची आईसुद्धा सारखा जीवाला घोर लावून घ्यायची. रक्तातच आहे त्यांच्या!" गावोगावच्या बैठकांमध्ये आम्ही हे नेहमी ऐकतो. असं ऐकलेली बाई मदत मागायची सोडून देते. म्हणून आज बघू, रक्तातलं किती आणि सवयीचं किती.

आईवडिलांकडून जसा रंग-उंची येते, तसा लवकर घाबरण्याचा कलही काही प्रमाणात जनुकांतून येतो. त्याचं एकच एक जनुक नसतं, अनेकांचा थोडा थोडा वाटा असतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसलं, की नैराश्याच्या आजारात माणसामाणसांत जो फरक पडतो, त्यात अनुवंशाचा वाटा साधारण 35 ते 40 टक्के असतो. बाकीचा वाटा परिस्थितीचा, आयुष्यात आलेल्या अनुभवांचा. म्हणजे आईला झालं म्हणून लेकीला होणारच, असं नाही.

आता सवयीचं बघू. संकट दिसलं की शरीर कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सोडतं. साप दिसला तर ते कामाचंच. पण साप निघून गेला तरी आपण रात्रभर त्याचाच विचार करत राहिलो, तर शरीराला वाटतं, साप अजून घरातच आहे. असं महिनोन् महिने चाललं की झोप उडते, डोकं दुखतं, रक्तदाब वाढतो.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत आणली. तिचं सांगणं असं, की घटना आणि आपला त्रास यांच्या मध्ये आपला विचार उभा असतो.

एक उदाहरण घेऊ. पाऊस लांबला, सोयाबीन गेलं, गटाचा हप्ता थकला. ही झाली घटना. "आता गावात तोंड दाखवायची सोय नाही, माझं नेहमी असंच होतं," हा झाला विचार. त्याला तीन प्रश्न विचारायचे. याला पुरावा काय? हेच मैत्रिणीवर आलं असतं तर आपण तिला काय म्हटलं असतं? आज हातात काय आहे? उत्तर सापडतं: "अडचण खरी आहे, पण बैठकीत मुदत मागता येईल." एका दिवसात सवय मोडत नाही, रोज करावं लागतं.

मात्र एक लक्षात ठेवा. विचार बदलल्यानं पाऊस पडत नाही, कर्ज फिटत नाही. नवऱ्याची मारहाण किंवा सावकाराचा तगादा हा बाईच्या विचारांचा दोष नव्हे. तिथं गटानं तिच्या पाठीशी उभं राहायचं.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप-भूक गेली, कशातच मन लागेना, तर आशाताईंना सांगा. शेतकरी कुटुंबांसाठी राज्य सरकारनं 2015 साली 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आपला परभणी जिल्हाही होता. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जगणं नको वाटलं तर मात्र दोन आठवडे थांबू नका, त्याच क्षणी फोन करा.

येत्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की एकमेकींना एवढं विचारा: "बाई, झोप लागते ना?"