दुमजली ‘ए’चा वाद

इंग्रजी शाळेत मूल वहीत छोटा ‘ए’ काढतं तो अगदी सोपा: एक गोल आणि त्याला टेकून उभी रेघ. छापील ‘ए’ मात्र दुमजली, वर आकडा असलेला. मुलाने यातला कोणता खरा मानायचा? ब्रिटनमधले शिक्षक आणि प्रकाशक या प्रश्नावर कित्येक दशकं भांडले.

त्याआधीची काळजी होती ती डोळ्यांची. १९१३ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने शालेय पुस्तकांसाठी वयानुसार अक्षरांचे किमान आकार सुचवले. पुढे बॉस्टनच्या ‘गिन आणि कंपनी’ या प्रकाशनासाठी मॉरिस फुलर बेंटन यांनी ‘सेंच्युरी स्कूलबुक’ हा टाइप घडवला. दणकट वळण, मोकळ्या पोटाची अक्षरं; आजही तो डोळ्यांना खुपत नाही. ब्रिटनमध्ये बालवाचनासाठी ‘गिल सॅन्स’ रुळला आणि त्यात वहीतल्यासारखे एकमजली ‘ए’ आणि ‘जी’ बसवले गेले.

हे सगळं ठरवत होती मोठी माणसं. १९८०च्या दशकात रोझमेरी ससून यांनी मुलांनाच विचारलं. मुलांना किंचित कललेली, लांब काने-शेपट्यांची आणि शेवटी पुढच्या अक्षराकडे झुकणारी अक्षरं आवडली. त्यातूनच ‘ससून प्रायमरी’ आला.

मग २००० नंतर रीडिंग विद्यापीठाच्या स्यू वॉकर आणि लिंडा रेनॉल्ड्स यांनी सहा वर्षांच्या मुलांकडून ‘गिल’ आणि ‘सेंच्युरी’ दोन्ही वाचून घेतले, एकमजली अक्षरांसह आणि त्यांच्याविना. वाचनात म्हणावा असा फरक पडला नाही. इतक्या वर्षांच्या वादाचं हे फलित!

फरक पडतो तो अंतराने. २०१२ मध्ये इटलीतल्या पादुआच्या संशोधकांनी वाचनदोष असलेल्या ७४ मुलांना साधाच ‘टाइम्स’ दिला, फक्त अक्षरं सुमारे अडीच पॉइंटांनी फाकवली. मुलं लगेच जास्त वेगाने आणि कमी चुकत वाचू लागली. खास अशा मुलांसाठी नेदरलँड्समध्ये घडवलेल्या ‘डिस्लेक्सी’ टाइपचीही २०१६ मध्ये तपासणी झाली. ‘एरियल’ला त्याच्याइतकंच अंतर दिल्यावर ‘डिस्लेक्सी’ची आघाडी उरली नाही.

देवनागरीत हा उपाय जसाच्या तसा उचलता येत नाही. अक्षरं नुसती फाकवली की शिरोरेषा तुटते आणि शब्दच सुटा होतो. म्हणून आपल्या अंकलिपीत मोकळेपणा आणायचा तो शब्दांमध्ये, ओळींमध्ये आणि अक्षराच्या पोटात.