वायफाय जोडलंय, तरी नेट नाही? ‘सर्व्हर डाऊन’ म्हणण्याआधी आयपी पत्ता तपासा

जळगाव/धुळे : जुलैअखेर पीकविम्याचे अर्ज भरायची घाई असते. नेमकं तेव्हाच सेवा केंद्रातल्या संगणकावर पोर्टल उघडत नाही आणि ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असं ऐकून शेतकरी परत फिरतो. मुदत संपत आली असेल तर कामधंदा सोडून चोपडा नाहीतर शिरपूर गाठावं लागतं. सर्व्हर कधी कधी खरंच बंद असतो. पण काही वेळा बिघाड केंद्रातच असतो आणि तो पाच मिनिटांत निघतो.

ओळखायचं कसं?
मोबाइलचा डेटा बंद करा आणि केंद्राच्याच वायफायवर तेच पोर्टल उघडा. मोबाइलवर उघडलं, पण संगणकावर नाही, तर सर्व्हर आणि लाईन दोन्ही चालू आहेत. दोष संगणकात आहे.

असं का होतं?
शेताला जसा गट नंबर, तसा नेटवर जोडलेल्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता असतो. हा पत्ता राऊटर आपोआप देतो. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. मात्र काही जुन्या संगणकांत पत्ता हाताने भरलेला असतो. जुना राऊटर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते देत होता आणि नवा १९२.१६८.० चे देतो, तर संगणक जुनाच पत्ता धरून बसतो. मग दोघांचं जमत नाही. मोबाइल मात्र नवा पत्ता घेतो, म्हणून चालतो.

काय करायचं?
१) संगणकात सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग प्रॉपर्टीज उघडा. तिथला ‘आयपीव्ही४’ पत्ता मोबाइलच्या वायफाय माहितीतल्या पत्त्याशी ताडून पाहा. घरगुती राऊटरवर पहिले तीन आकडे सहसा सारखे असतात.
२) आकडे वेगळे असतील तर ‘आयपी असाइनमेंट’ ऑटोमॅटिक करा. डीएनएसही ऑटोमॅटिकच ठेवा.
३) पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. केबल तपासा, राऊटर बंद करून पुन्हा सुरू करा.
४) एकच पत्ता दोन यंत्रांना हाताने दिला असेल तर दोन्ही अडखळतात. एकाचा बदला.

बदल करण्याआधी जुन्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा. प्रिंटरला किंवा कार्यालयातल्या काही संगणकांना ठरावीक पत्ता मुद्दाम दिलेला असतो. तो बसवणाऱ्याला विचारूनच बदला.

पत्ता बरोबर आहे, बाकी वेबसाइट उघडतात आणि तेच पोर्टल मोबाइलवरही उघडत नाही, तर मग ‘सर्व्हर डाऊन’ म्हणायला हरकत नाही.