एकलहऱ्याच्या भट्टीतली पानगळ

माघ सरत आला की झाडाखाली पाचोळा साचतो आणि कुणीतरी काडी ओढतं. ‘झाड आपली पानं वाया का घालवतं?’ असं एका वाचकाने विचारलंय. वाया फारसं जातच नाही. पान गळण्याआधी झाड त्यातलं हरितद्रव्य मोडतं, नत्र आणि स्फुरद बरंचसं खोडाकडे ओढून घेतं. मुळात असलेला पिवळा रंग मग उघडा पडतो. देठाशी पेशींचा कच्चा थर बनतो आणि झुळकेनेही पान सुटतं. पुढचं काम बुरशी आणि वाळवीचं.

पण एका पानगळीची माती झालीच नाही. ती आज नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात जळते आहे. 210 मेगावॉटच्या तिथल्या संचांना लागणारा दगडी कोळसा रेल्वेने येतो. 25 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी भारत अंटार्क्टिकाला चिकटलेला होता, तेव्हाच्या दलदलीतल्या जंगलांचा तो कोळसा. त्या जंगलांचा राजा ग्लॉसोप्टेरिस, जिभेसारख्या पानांचा वृक्ष. खडकांत त्याची सुटी पानं थरावर थर पसरलेली सापडतात, म्हणजे हाही पानं गाळणारा! पाण्याखाली प्राणवायू तोकडा, म्हणून ती पानं आणि लाकूड पुरतं कुजलं नाही. वर गाळ चढला आणि दाबाने, उष्णतेने त्याचा कोळसा झाला.

याच झाडाचे ठसे असलेले दगड 1912 साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉटच्या तुकडीने स्लेजवर लादले होते. उपासमार, हिमदंश, तरी सुमारे 16 किलोंचं ते ओझं शेवटपर्यंत टाकलं नाही. स्कॉट आणि साथीदार वाटेतच तंबूत मरण पावले. त्यांच्या मृतदेहांपाशी ते दगडही सापडले आणि अंटार्क्टिका व भारत कधीकाळी जोडलेले होते, या कल्पनेला त्या दगडांनी बळ दिलं. ‘स्कॉटचे दगड’ हे नाव मला खटकतं. त्यांचं मोल ओळखून ते वेचण्यात पुढाकार होता त्याच तुकडीतल्या डॉ. एडवर्ड विल्सन यांचा. तेही त्याच तंबूत गेले.

ग्लॉसोप्टेरिसच्या पानांनी हवेतून घेतलेला कार्बन आता एकलहऱ्याच्या धुराड्यातून हवेत परततो. चक्र पूर्ण झालं असं मात्र मला म्हणवत नाही. जगभर माणूस जो कार्बन हवेत सोडतो, त्यातला जवळजवळ निम्मा तिथेच साठून राहतो. उरलेला समुद्र आणि झाडं घेतात. चैत्रात पिंपळाला फुटणाऱ्या तांबूस पालवीच्या वाट्याला त्यातला एखादा कण येतो.