आजीला बोटीवर न्यावे काय?

नाताळची सुटी जवळ आली, की या खेपेस कोठे जावे हा प्रश्न घरोघरी निघतो. अलीकडे काही कुटुंबे लक्षद्वीपच्या जलयात्रेचा विचार करू लागली आहेत. परवा आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांनी मला विचारले, "फादर, पोरांचा हट्ट आहे, पण आईला सोबत न्यावे की नाही?" काही वर्षांपूर्वी माझी बहीण, मेहुणे, दोन भाचे आणि आमची पंच्याहत्तरीची आई यांच्यासमवेत मी हा प्रवास केला होता. म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावेसे वाटते.

लक्षद्वीप हा अरबी समुद्रातील द्वीपसमूह केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २२० ते ४४० किलोमीटर अंतरावर आहे. त्याची एकूण भूमी अवघी ३२ चौरस किलोमीटर. मनुष्यवस्ती केवळ १० द्वीपांवर. बाहेरच्या माणसास तेथे जाण्यासाठी परवाना घ्यावा लागतो. जहाज कोचीहून निघते. रात्री समुद्रप्रवास, दिवसा द्वीपदर्शन आणि सायंकाळी पुन्हा जहाजावर, असा क्रम असतो. पहिल्या रात्री आम्हां मोठ्यांना बोट लागली. आईला मात्र काही झाले नाही.

खरी कसोटी सकाळी लागली. समुद्राच्या उदरात बुडत जाणाऱ्या ज्वालामुखीभोवती पोवळ्याचे सूक्ष्म जीव वर वर थर रचीत जातात आणि शेवटी मध्ये उथळ पाणी व भोवती प्रवाळाचे कडे उरते, असा सिद्धांत चार्ल्स डार्विन यांनी १८४२ साली मांडला. लक्षद्वीपची घडण अशीच आहे. त्या कड्यामुळे मोठे जहाज आतल्या निळ्या लगूनमध्ये शिरू शकत नाही. आमचे जहाज बाहेरच थांबले आणि हेलकावणाऱ्या लहान होडीत उतरण्याची वेळ आली. कवरत्तीला दोन खलाशांनी आईचे दंड धरून तिला अलगद उतरवून घेतले.

तेथे तिने एका घरी विहिरीचे पाणी प्यायले आणि विचारले, "अरे, चारी बाजूंनी खारट, मग हे गोड कसे?" पावसाचे पाणी वाळूतून झिरपते व हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थराने तरंगत राहते. उपसा फार झाला, की खालचे खारे पाणी वर येते. म्हणूनच २००५ साली कवरत्तीला समुद्रजलापासून दररोज एक लाख लिटर गोडे पाणी करणारे यंत्र बसवले गेले. हे ऐकल्यावर आईने जहाजावरही नळ सोडून ठेवणाऱ्या नातवांना दटावले.

कल्पेनीच्या पूर्व किनाऱ्यावर प्रवाळाचे प्रचंड खडक पडले आहेत. १८४७ च्या वादळाने ते वर फेकले, असे सांगतात. थोरल्या भाच्याने तेथून पोवळ्याचा एक तुकडा खिशात घातला. कायद्याने त्यास मनाई आहे, हे मी सांगितले, कारणही सांगितले. समुद्र प्रमाणाबाहेर तापला, की पोवळे आपल्याला पोसणारे शेवाळ टाकून देते व पांढरे पडते. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली येथे असेच घडले. ते कडे खचले, तर या सखल द्वीपांना लाटांपासून कोण राखणार? मुलाने निमूटपणे तुकडा जागेवर ठेवला.

मिनिकॉयला समुद्र खवळलेला होता. आईचा पाय शिडीवर ठरेना. खलाशाने नकारार्थी मान हलविली. असा प्रसंग येईल याचा आम्ही कोणीच विचार केलेला नव्हता. बहिणीचे डोळे भरून आले, मेहुणे चिडले. सहलीचा सारा आनंद क्षणात विरला. आई म्हणाली, "तुम्ही जा. आल्यावर मला सगळं सांगा." मी मागे राहिलो, आणि १८८५ साली बांधलेल्या दीपस्तंभावर चढण्यासाठी आठवडाभर नाचणारा तोच थोरला भाचाही न सांगता आजीजवळ येऊन बसला. डेकवरून तो पांढरा मनोरा दिसत होता. दुपारभर आजी आपल्या बालपणीच्या गोष्टी सांगत होती. त्यातील निम्म्या मीही प्रथमच ऐकल्या.

तेव्हा त्या गृहस्थांना माझे उत्तर असे: आईला अवश्य न्या, पण आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या, पावसाळ्याचे दिवस टाळा, होडीत उतरण्याची व्यवस्था तिकीट काढतानाच विचारा. आणि आई उतरू शकली नाही, तर तिच्याजवळ कोण थांबणार, हे निघण्यापूर्वी घरीच ठरवा. हे ठरविण्याची तयारी नसेल, तर परवान्यासाठी अर्ज करू नका.