यंत्राचा पत्ता

चंदगडसारख्या पावसाळी गांवीं इंटरनेट बंद पडणें नवें नाहीं. गेल्या आषाढांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या कन्येस प्रवेशाचा अर्ज भरावयाचा होता. मुदतीचा शेवटचा दिवस, आणि इंटरनेट थांबलें. दोष बाहेरचा समजून आम्ही दुपारपर्यंत वाट पाहिली. अखेर घरांतल्याच राउटरमधून संगणकाची तार निसटलेली आढळली! अर्ज कसाबसा वेळेंत गेला. संगणकास त्याचा पत्ता विचारला असता, तर हें दोन मिनिटांत उमगलें असतें.

पत्ता म्हणजे काय? टपालाचा पिनकोड आपल्या परिचयाचा आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनें तो १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाला. चंदगडचा पिनकोड ४१६५०९. त्यांतील पहिले तीन अंक टपाल-छाननीचा विभाग दाखवितात, पुढील तीन टपालकचेरी. संगणकाच्या पत्त्याचेहि असेच दोन भाग असतात.

लिनक्स प्रणालीच्या संगणकावर टर्मिनल उघडावें. लहान रोमन अक्षरांत 'आयपी' लिहून, एक जागा सोडून 'ए' हें अक्षर लिहावें व एंटर दाबावें. (जुन्या पुस्तकांतील 'आयएफकॉन्फिग' ही आज्ञा नव्या यंत्रांवर पुष्कळदां नसते.) 'लो' या नांवाखालीं १२७.०.०.१ दिसेल; तो यंत्राचा स्वतःशींच बोलण्याचा पत्ता, तो सोडून द्यावा. दुसऱ्या नांवाखालीं 'आयनेट' या शब्दापुढें, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.७/२४ असें दिसेल. येथें पहिले तीन आंकडे घरच्या जाळ्याचे, व शेवटचा ७ या यंत्राचा. ही वांटणी तिरप्या रेघेपुढील २४ वरून कळते. १९२.१६८ नें आरंभ होणारे पत्ते खासगी होत. मारुतीची आळी जशी गांवोगांवीं, तसे हे घरोघरीं. बाहेरच्यास ते सांगून तो आपल्या घरीं पोंचणार नाहीं.

पत्ताच दिसला नाहीं, तर दोष बहुधा घरांत आहे. दिसला, तर 'आयपी', जागा, 'आर' अशी आज्ञा द्यावी. 'डिफॉल्ट व्हाया' यापुढील पत्ता राउटरचा, म्हणजे आपल्या वेशीचा. 'पिंग' लिहून, जागा सोडून तो पत्ता द्यावा. उत्तरें येऊं लागलीं, तर वेशीपर्यंत वाट मोकळी आहे. दोष बहुधा पलीकडे. कंट्रोल व सी एकदम दाबलें म्हणजे पिंग थांबतें.

शाळेंत आम्ही मुलांस प्रथम स्वतःचें नांव व पत्ता लिहावयास शिकवीत असूं. घरांत संगणक आला आहे, तर त्याचाहि पत्ता वाचतां यावा. तक्रार कोणाकडे करावयाची, हें मग आपलें आपणांसच कळतें.