संस्थांमधील ऑनलाइन जाळी : आकड्यांपलीकडचा शोध

कोणत्याही मोठ्या संस्थेचे कामकाज आज दोन मार्गांनी चालते. पहिला मार्ग संघटन-तक्त्यात दिसतो : कोणी कोणास अहवाल सादर करावा, कोणाची स्वाक्षरी घ्यावी इत्यादी. दुसरा मार्ग मोबाइलवरील गटांमधून आणि संस्थेच्या अंतर्गत ऑनलाइन जाळ्यांमधून जातो. या दुसऱ्या मार्गाची आकडेवारी विनासायास उपलब्ध होते. संदेश किती आले, उत्तर किती वेळात मिळाले, कोणाचा संपर्क कोणाशी अधिक आहे, हे सर्व संगणक मोजून देतो. परंतु ‘ठीक आहे, सर’ या उत्तरामागे मनःपूर्वक संमती आहे, नाइलाज आहे की संदेश पाहिल्याची केवळ पोच आहे, हे मोजणीतून कळत नाही. गुणात्मक संशोधनाची आवश्यकता येथे निर्माण होते.

हॉथॉर्नचा धडा

संस्थेतील अनौपचारिक संबंधांचा अभ्यास संगणकाहून जुना आहे. अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेले प्रयोग विद्यार्थ्यांना एल्टन मेयो यांच्या नावामुळे परिचित असतात. त्यांपैकी प्रकाशाच्या प्रयोगाची चर्चा अधिक होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र १९३१-३२ मधील तारजोडणी कक्षातील निरीक्षण अधिक महत्त्वाचे आहे. येथे १४ कामगारांचे काम निरीक्षक त्याच खोलीत बसून पाहत होता. कामगारांनी नोंदविलेले दैनंदिन उत्पादन जवळजवळ एकसारखे दिसे, प्रत्यक्षात ते कमी-जास्त होत असे. एका दिवसात किती काम करणे ‘योग्य’, याविषयी गटाचा अलिखित संकेत होता आणि त्याहून अधिक वेगाने काम करणाऱ्याची थट्टा होई. कोण कोणास मदत करतो, कोणाची कोणाशी मैत्री आहे, याच्या आकृत्याही संशोधकांनी काढल्या. रोथलिसबर्गर व डिक्सन यांनी १९३९ मध्ये हा वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. हॉथॉर्नच्या निष्कर्षांवर पुढे बरीच टीका झाली, हेही उत्तर लिहिताना विसरू नये. तरीही कागदावरील आकडा हासुद्धा गटातील संबंधांतून घडतो, ही बाब या कक्षाने दाखवून दिली.

यंत्रांविषयीच्या गोष्टी

मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी १९८० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या छायाप्रत-यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांचा अभ्यास केला. ते तंत्रज्ञांबरोबर ग्राहकांकडे गेले, त्यांच्या न्याहारीच्या गप्पांत बसले. कंपनीची अशी समजूत होती की, नियमपुस्तिकेत दिलेल्या पायऱ्या क्रमाने पाळल्या की यंत्र दुरुस्त होते. ऑर यांना निराळेच दृश्य दिसले. पुस्तिकेत न बसणारे बिघाड तंत्रज्ञ एकमेकांना सांगितलेल्या गोष्टींच्या आधारे सोडवीत होते. व्यवस्थापनाच्या नजरेने ज्या गप्पा म्हणजे वेळेचा अपव्यय ठरल्या असत्या, त्याच ज्ञानाच्या देवघेवीचे साधन होत्या. ऑर यांचा ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

या प्रकारच्या आकलनातूनच कंपनीत ‘युरेका’ ही व्यवस्था उभी राहिली. १९९० च्या दशकात तिचा प्रथम वापर फ्रान्समध्ये झाला. दुरुस्तीची युक्ती तंत्रज्ञाने स्वतः लिहावयाची, सहकाऱ्यांनी ती तपासावयाची आणि लिहिणाऱ्याच्या नावासह ती इतरांना उपलब्ध व्हावयाची, असे तिचे स्वरूप होते. नाव राहणे ही लहान गोष्ट नव्हती. सहकाऱ्यांमधील प्रतिष्ठा ही या देवघेवीमागील मोठी प्रेरणा होती आणि ती त्यांच्यात वावरल्याखेरीज उमगणे कठीण होते.

पुढे आयबीएम कंपनीने केवळ आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ‘बीहाइव’ हे अंतर्गत सामाजिक जाळे निर्माण केले. जोन डिमिको व त्यांच्या सहकाऱ्यांचा त्यासंबंधीचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वापराच्या नोंदींच्या जोडीला त्यांनी मुलाखती घेतल्या. कर्मचारी तेथे का येतात, याची तीन कारणे पुढे आली : सहकाऱ्यांशी व्यक्तिगत पातळीवर जवळीक साधणे, संस्थेत आपली प्रगती साधणे आणि आपल्या प्रकल्पासाठी पाठिंबा मिळविणे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये ज्यांना ‘दुर्बल बंध’ म्हटले, ते तोंडओळखीचे संबंध येथे दृढ होताना दिसले. एकच छायाचित्र टाकण्यामागे तीन निराळे हेतू असू शकतात. नोंदींच्या सारणीत मात्र तिन्हींची गणना ‘एक छायाचित्र’ अशीच होते.

दृश्यता कोणासाठी?

जेफ्री ट्रीम व पॉल लिओनार्डी यांनी २०१२ च्या सुमारास संस्थांतर्गत समाजमाध्यमांची चार वैशिष्ट्ये मांडली : दृश्यता, संपादनक्षमता, टिकाऊपणा आणि परस्परजोडणी. त्यांपैकी दृश्यता आपल्याकडील श्रेणीबद्ध कार्यालयांत विशेष विचार करण्यासारखी आहे. वरिष्ठ ज्या गटात आहेत, तेथे प्रश्न विचारणे म्हणजे आपले अज्ञान सर्वांसमोर नोंदविणे होय, आणि ती नोंद टिकून राहते.

समजा, एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गटात वैद्यकीय अधिकारी, आरोग्यसेविका, गटप्रवर्तक आणि आशा कार्यकर्त्या आहेत. आशा योजना २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत सुरू झाली. या कार्यकर्त्यांना प्रामुख्याने कामावर आधारित मोबदला मिळतो. गटातील एक आशा कधीच काही लिहीत नाही. संदेशांची मोजणी करणारा तिला निष्क्रिय ठरवील. तिच्या घरी बसून बोलणारा संशोधक कदाचित ऐकेल की, मोबाइल दिवसा मुलगा नेतो, रिचार्ज संपले आहे, किंवा अडचण आली की ती गटप्रवर्तक ताईंना थेट फोन करते आणि तिचे काम वेळेवर होते. केवळ संदेशसंख्येवरून तिला नोटीस देण्यात आली तर तो अन्याय होईल आणि गटातील खरी अडचणही तशीच राहील.

अभ्यासाची रीत

गुणात्मक संशोधनात नमुना यादृच्छिक नसून हेतुपूर्वक निवडलेला असतो. बोलका सदस्य जसा घ्यावा, तसा मूक सदस्यही, आणि गट सोडून गेलेलाही. मुलाखती, सहभागी निरीक्षण व प्रत्यक्ष संदेश ही सामग्री एकमेकींशी ताडून पाहिली जाते. नव्या मुलाखतीतून नवा मुद्दा निघेनासा झाला की सामग्री पुरेशी मानतात. ग्लेसर व स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत तर सिद्धांत आधी न ठरवता सामग्रीतूनच उभारला जातो. भारतात या परंपरेचे ठळक उदाहरण म्हणजे गोविंद सदाशिव घुर्ये यांचे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळील रामपुरा येथे राहून केलेला अभ्यास. (रामपुरा हे त्यांनी गावाला दिलेले नाव.) अशा अभ्यासातून ‘किती टक्के’ या प्रश्नाचे उत्तर मात्र मिळत नाही. ती त्याची मर्यादा आहे आणि ती मान्य केली पाहिजे.

श्रीनिवास गावात आहेत, हे गावाला दिसत होते. ऑनलाइन गटातील संशोधक मात्र सहज विस्मरणात जातो. आज दिलेली संमती महिन्याभराने सदस्यांच्या ध्यानातही राहत नाही, म्हणून ती पुन्हापुन्हा घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे स्पष्ट केले. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संशोधनास सवलत आहे. तथापि, त्या माहितीच्या आधारे संबंधित व्यक्तीविषयी विशिष्ट निर्णय घेतला जाऊ नये आणि विहित मानके पाळली जावीत, या अटींवरच ती मिळते. संस्थांतर्गत अभ्यासाचा नाजूक भाग हाच आहे, कारण अभ्यासाची परवानगी बहुधा व्यवस्थापन देते आणि बोलतो तो कर्मचारी.

नाव बदलल्याने हा प्रश्न सुटतोच असे नाही. पंधरा जणांच्या गटात एखाद्याची बोलण्याची लकबच त्याची ओळख सांगते. त्यामुळे काही संशोधक अवतरण शब्दशः देण्याचे टाळतात, हुद्दा व ठिकाण मोघम ठेवतात, आणि मूळ मुलाखती व्यवस्थापनाच्या हाती दिल्या जाणार नाहीत, हे काम सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरवून घेतात.